सांगून निघणारा माणूस

दशरथ जाधव मला न सांगता गेला. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. मधे बरीच वर्षं गेली, पण राग कमी झाला नाही, आणि खरं सांगायचं तर मी तो कमी होऊ दिला नाही. माझ्या गोदामात यंत्रं गंजतात, राग गंजत नाही.

सिगारेट आणायला खाली उतरताना जो माणूस मला फोन करायचा, लायब्ररीत जाताना आणि लायब्ररीतून निघताना कळवायचा, दुसऱ्या गावी पोचल्यावर "शेठ, उतरलो बरं का" म्हणायचा, तो माणूस देश सोडून गेला आणि मला एक शब्द बोलला नाही. माझ्या जागी कुणीही असता तरी रागावला असता.

मी श्रीपती चौगुले, इचलकरंजीचा. आयटीआय करून फिटर म्हणून जर्मनीत आलो आणि न्युरेम्बर्गला राहिलो. जर्मन कारखाने जी यंत्रं टाकून देतात ती उचलायची, दुरुस्त करायची आणि सांगली-कोल्हापूरकडच्या कारखानदारांना विकायची, हा माझा धंदा. मला कुणी हाताला धरून वर आणलं नाही. त्यामुळे कुणी फुकटचा शहाणपणा शिकवला की माझं डोकं फिरतं. जाधव मात्र शिकवायचा आणि मी ऐकून घ्यायचो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. माणूस कसा होता ते सांगतो.

पहिली भेट मेल्डेआम्टात झाली. जर्मनीत माणसाने घर बदललं की या ऑफिसात जाऊन कुठून आलो, कुठे राहतो ते नोंदवावं लागतं. गाव सोडताना पुन्हा जाऊन सांगावं लागतं. माझ्या पत्त्यात त्यांनी काहीतरी घोळ केला होता, म्हणून मी खिडकीतल्या बाईशी जर्मनमधून भांडत होतो आणि मधल्या वेळेत मराठीतून शिव्या देत होतो. मागून कुणीतरी हसलं. वळून बघितलं तर काळासावळा, चाळिशीतला, अंगाला मोठं होणारं जाकीट घातलेला एक माणूस. हातात नोंदणीचा ताजा कागद होता आणि चेहऱ्यावर असा आनंद, की जणू त्याला या गावात जमीन मिळाली आहे.

मी म्हणालो, "काय हो, लॉटरी लागली का?"

"नाही शेठ. नाव लागलं."

"त्यात एवढं काय? सगळे वैतागतात याला."

"आमच्या घराण्याला सवय आहे याची," तो म्हणाला. "माझे वडील इथे असते तर रांगेत सगळ्यांच्या पुढे उभे राहिले असते."

मला वाटलं, वडील सरकारी नोकरीत असतील. जाधव आडनाव ऐकून मी आपल्याकडच्या पद्धतीने विचारलं, "जाधव म्हणजे कुठले? आमच्यातलेच का?"

"नाही हो. आम्ही पोलिसांच्या दप्तरातले जाधव," तो म्हणाला. "पाकीट सांभाळा."

त्याचा जन्म सोलापूरच्या सेटलमेंटातला, हे मला त्या दिवशी कॉफी पिताना कळलं. इंग्रजांनी काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या आणि तारेच्या कुंपणाआड नेऊन ठेवल्या, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण त्यातला माणूस समोर बसून तीन चमचे साखर घालून कॉफी पितो आहे, हे वेगळं. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी तार तुटली. जाधव तार तुटल्यावर जन्मला. वडील मात्र कुंपणाच्या आत वाढलेले. तिथे घंटा वाजली की बाहेर येऊन उभं राहायचं, नाव सांगायचं, हजर म्हणायचं. परवानगीशिवाय शेजारच्या गावी गेलं की फटके. तार गेली तरी म्हाताऱ्याची सवय गेली नाही. वाण्याकडे जाताना सुद्धा तो शेजाऱ्याला सांगायचा, "दुकानाला चाललोय, येतो माघारी." ती सवय मुलाने उचलली. जाधव रिकाम्या खोलीतून निघताना सुद्धा दारात क्षणभर थांबायचा. न्युरेम्बर्गला त्याच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारी जर्मन बाई राहायची. तिची बेल वाजवून तो रोज "मी निघतो" म्हणायचा. बाईला वाटायचं, भारतीय माणसं किती सभ्य असतात.

मी एकदा चिडून म्हणालो, "मला कशाला सांगता दर वेळी? मी काय हवालदार आहे?"

"तसं नाही शेठ. कुणाला तरी माहीत असलं की बरं वाटतं."

"आणि नाही सांगितलं तर?"

त्यावर तो हसला नाही. म्हणाला, "करून बघितलं नाही कधी."

तो सोलापूरच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा. रजा घेऊन, शिष्यवृत्ती मिळवून इकडे आला होता. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर डचांची एक वसाहत होती. तिथे उसाचे मळे होते आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम त्यात राबत. त्या गुलामांनी एकदा बंड केलं, मळे ताब्यात घेतले, काही महिने टिकवले. मग सैन्य आलं. सैन्यात आणि मळ्यांच्या कारभारात जर्मन माणसं बरीच होती, म्हणून कागद इकडेही होते. जाधवचा विषय बंड नव्हताच. बंड मोडल्यावर काय झालं, हा त्याचा विषय.

"बंडाबद्दल सगळे लिहितात," तो म्हणायचा. "मशाली, तलवारी, घोषणा. मला हरल्यानंतरची सकाळ पाहिजे. कोण कुठे उभं होतं, कुणी कुणाकडे बघितलं नाही, आणि कामाला कुणाला पाठवलं."

पकडलेल्या गुलामांच्या जबान्या तो वाचायचा. वाचायची त्याची रीत उलटी होती. तो म्हणे, उत्तरं वाचूच नयेत, ती मार खाऊन दिलेली असतात. विचारलं काय, ते वाचावं. "विचारणाऱ्याला मारत नाहीत ना, म्हणून प्रश्न खरे असतात. मालक कशाला भीत होता, ते प्रश्नात सापडतं." ही युक्ती मी माझ्या धंद्यात वापरली आहे. समोरचा किती किंमत सांगतो ते ऐकायचं नाही, तो काय विचारतो ते ऐकायचं. फार उपयोगी पडते.

एकदा तो माझ्या गोदामात आला आणि म्हणाला, "शेठ, तुम्ही ऊसवाल्या मुलखातले. जुना चरक कसा चालतो ते नीट सांगा." यंत्राचं कुणी विचारलं की मला जोर चढतो. मी कागदावर तीन रूळ काढले, ऊस कुठून आत जातो, चोथा कुठून बाहेर येतो, बैल कसे फिरतात, सगळं सांगितलं. तो मान हलवत होता. मग म्हणाला, "ऊस घालणाऱ्याचा हात आत गेला तर?"

"बैल थांबवायचे."

"थांबेपर्यंत?"

"थांबेपर्यंत हात जातो आत. कधी खांदासुद्धा."

"म्हणून चरकाशेजारी कुऱ्हाड टांगलेली असायची," तो म्हणाला. "माणूस वाचवायला नाही. चरक मोकळा करायला. हात तोडला की ऊस चालू."

मी पेन्सिल खाली ठेवली. तो कागद त्याने घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "वहिनींनी चहा केला असेल, चला." चहात साखर नेहमीप्रमाणे तीन चमचे. मी बघतोय असं दिसल्यावर म्हणाला, "साखरेचा काय दोष, शेठ?"

आपल्या लोकांचं आणि त्याचं फारसं जमलं नाही. स्टुटगार्टच्या मराठी मंडळींनी गणपतीत त्याचं भाषण ठेवलं. मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांतली हुशार पोरं, त्यांच्या बायका, मागे पळणारी मुलं. मी गाडी चालवत त्याला घेऊन गेलो होतो. तो तासभर बोलला. बंड हरल्यावर कुणाला कसं मारलं, हे त्याने दोन वाक्यांत संपवलं. जे मारले नाहीत त्यांना त्याच मळ्यावर, त्याच झोपडीत परत कसं पाठवलं, ज्याने साक्ष दिली आणि ज्याच्या भावाविरुद्ध दिली ते दोघे एकाच ओळीत ऊस कसे तोडत होते, हे तो सांगत राहिला. लोक चुळबुळ करू लागले. आरतीची वेळ होत आली होती.

एका इंजिनिअरने हात वर केला. "सर, विषय छान आहे. पण आल्झो, म्हणजे, यातून आपण टेकअवे काय घ्यायचा?"

जाधव म्हणाला, "हजेरी कोण घेतो, तेवढं बघत जा."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची घेत नसतील, तर शेजाऱ्याची कोण घेतो ते बघा."

टाळ्या पडल्या, पण प्रसाद वाटायला सुरुवात झाल्यावर पडतात तशा. परत कुठल्या मंडळाने त्याला बोलावलं नाही. गाडीत मी आयोजकांना शिव्या देत होतो. तो मोदक खात म्हणाला, "त्यांचं काय चुकलं? सणाला आले होते बिचारे."

आता एका घंटेची गोष्ट.

न्युरेम्बर्गजवळच्या एका गावात एक जुनी कोठी आहे. नाव लिहीत नाही. त्यांच्या वकिलांचं पत्र मला एकदा येऊन गेलं आहे, दुसरं नको. साखर आणि मसाल्यांच्या व्यापारात त्यांनी पैसा केला आणि पुढे लेबकुखनचा, म्हणजे इकडच्या नाताळातल्या मसालेदार बिस्किटांचा कारखाना काढला. त्यांचा मूळपुरुष त्याच वसाहतीत आधी मळ्याचा कारभारी होता, नंतर मालक. परत येताना त्याने मळ्यावरची काशाची घंटा बरोबर आणली. ती कोठीच्या चौकात लाकडी कमानीला टांगलेली आहे. दर वर्षी कोठीच्या स्थापनादिवशी घराण्यातलं सगळ्यात लहान मूल दोरी ओढून ती वाजवतं.

बंड मोडल्यावर याच घंटेच्या टोल्यावर माणसं मारली. हे काही जाधवने शोधून काढलेलं गुपित नव्हतं. घराण्यातल्या एका पणजोबाने हे अभिमानाने पुस्तकात छापलं होतं आणि ते पुस्तक कोठीच्या दुकानात बिस्किटांशेजारी मिळायचं. कुणी वाचत नव्हतं इतकंच.

मी त्या कोठीशी जुन्या भट्टीचा सौदा करत होतो. सुंदर भट्टी होती. आजही डोळ्यांसमोर आहे. कोठीची जुबिली जवळ आलेली, म्हणून तिथे छोटं संग्रहालय करायचं चाललं होतं, आणि ते काम फ्राऊ लिंडनर नावाच्या बाई बघत. जुनं डच आणि जुनी जर्मन लिपी वाचणारा कुणी माहीत आहे का, असं त्यांनी मला सहज विचारलं. जाधवची शिष्यवृत्ती तेव्हा संपत आली होती. काम नसेल तर व्हिसा नाही, व्हिसा नसेल तर अभ्यास अर्धवट. शिवाय वडिलांना एकदा इकडे आणायचं त्याच्या मनात होतं. मी त्याचं नाव दिलं. म्हणजे हे काम मी मिळवून दिलं होतं, हे लक्षात ठेवा.

भिंतीवरचे मजकूर लिहिणं हे त्याचं काम. बाकी सगळे त्याने त्यांना हवे तसे लिहून दिले. जहाजं, मसाले, बिस्किटांचे साचे. घंटेखाली मात्र त्याने लिहिलं: "या घंटेच्या ठोक्यावर बंडातली माणसं मारली गेली. दुसऱ्या दिवशी तीच घंटा वाजवून उरलेल्यांना ऊस तोडायला नेलं." बस, एवढंच.

फ्राऊ लिंडनरनी ते खोडून लिहिलं: "ही घंटा मळ्यावरच्या दिवसाची लय सांभाळत असे."

जाधव ते वाचून खूप वेळ हसत होता. "लय! शेठ, वडिलांना सांगायला पाहिजे. तुमच्या आयुष्याला लय होती म्हणावं."

मग तो हटून बसला. त्या ओळी लागणार नसतील तर मजकुराखाली नाव देणार नाही म्हणाला. त्या म्हणाल्या, मग करार पुढे चालणार नाही. असं अडलं की माझ्यासारख्या माणसाची गरज लागते. मी गेलो. दोन दुपारी त्या बाईंशी घासाघीस केली. आवाज चढवला, उठून गेलो, परत आलो. शेवटी असं ठरलं: घंटेखाली लय राहील. जाधवच्या ओळी सुद्धा राहतील, पण आत, कोट टांगायच्या जागेजवळ, गुडघ्याच्या उंचीवर, बारीक अक्षरात. आणि जाधवचा करार पुढच्या हिवाळ्यापर्यंत वाढेल.

मी आजही म्हणतो, तो सौदा चांगला होता. ज्याच्या हातात काहीच पत्ते नाहीत त्याला यापेक्षा जास्त कुणी मिळवून देऊन दाखवावं.

त्याने सही केली. माझ्याकडे बघून म्हणाला, "चांगला भाव आणलात, शेठ." मग नेहमीप्रमाणे, "निघतो."

वडील उन्हाळ्यात आले. रामा तुका जाधव. उंच, वाळलेले, पांढरं धोतर, डोक्याला पटका आणि अंगात माझा जुना कोट. त्यांना मी "बाबा" म्हणायचो, ते मला "मालक" म्हणायचे. कितीदा सांगितलं, मालक म्हणू नका. ते "व्हय मालक" म्हणायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मालक, हितं हजेरी कवा असती?"

"नसते बाबा इथे."

"मग ह्यो माजं नाव कुठं लिवून आला?"

जाधवने त्यांना मेल्डेआम्टात नेलं होतं. काही महिन्यांसाठी आलेल्या पाहुण्याला त्याची गरज नव्हती बहुतेक, पण नोंदवल्याशिवाय म्हाताऱ्याला झोप आली नसती.

माझ्या स्वयंपाकघरात सुनंदा, म्हणजे माझी बायको, त्यांना भाकरी वाढायची आणि ते सेटलमेंटातलं सांगायचे. तक्रार म्हणून नाही, गावाकडच्या गोष्टी सांगाव्या तसं. "हणम्या म्हणून माजा दोस्त. त्येची बायको तारंच्या भायेर, म्हायेरी आजारी. रातचा गेला पळून. सकाळी घंटा. हवालदार नाव घेतोय, हणमंत भिमा. कुणी बोलंना. मग म्याच जरा आवाज बदलला आन म्हणलो, हजर. मग माजं नाव आलं, तवा माज्या आवाजात हजर."

"सापडला नाहीत?"

"सापडतोय की. पण लगीच न्हाई. मानूस घरी जाऊन येस्तवर तरी झाकायचं. तसं समदेच करायचे. ज्येचं नाव घेतलं आन त्यो न्हाई, त्येच्या शेजारच्यानं बोलायचं. न्हाईतर त्येला फटकं."

माझी मुलगी ताटावर बसून ऐकत होती. तिला मराठी कळतं, बोलते जर्मन. तिने जर्मनमध्ये काहीतरी विचारलं.

"पोरगी काय म्हंती?" म्हाताऱ्याने विचारलं.

जाधव म्हणाला, "विचारतीय आबा, तुमचा गुन्हा काय होता."

"जल्माला आलो," म्हातारा म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडला. "वैनी, चटणी झ्याक झालीया."

जुबिलीच्या दिवशी आम्ही सगळे कोठीत गेलो. चौकात तंबू, बँड, गावचा बुर्गरमाइस्टर म्हणजे नगराध्यक्ष, लेबकुखन वाटणाऱ्या पोरी. जाधव संग्रहालयाचा लेखक म्हणून पुढच्या रांगेत, शेजारी वडील, त्यांच्या मागे मी आणि सुनंदा. भाषणं झाली. मग घराण्यातली एक छोटी मुलगी पांढरा फ्रॉक घालून कमानीखाली गेली आणि तिने दोरी ओढली.

घंटेचा आवाज मोठा नव्हता, पण कोरडा होता.

म्हातारा उठला. मला वाटलं, बाहेर जायचं असेल. त्याने बूट काढले. अनवाणी चालत तो घंटेसमोर जाऊन उभा राहिला, छाती पुढे, हात मांड्यांना चिकटवलेले, नजर समोर. आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "जाधव रामा तुका. हजर."

मग कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. फ्राऊ लिंडनरनी हात जोडून नमस्ते केलं. कॅमेरे चमकले. बँडवाल्याने ढोलावर एक थाप दिली.

म्हातारा हलला नाही. टाळ्या थांबल्या तरी तो उभाच. लोक हसत हसत एकमेकांकडे बघायला लागले. मी उठणार होतो, पण सुनंदाने माझा हात दाबला. त्याच्या नावावर खूण केल्याचं कुणी बोललं नव्हतं, म्हणून तो हलत नव्हता. हे आम्हाला दोघांनाही उशिरा कळलं. जाधवला आधीच कळलं होतं.

तो उठून वडिलांच्या समोर गेला. वडिलांशी तो नेहमी अहो-जाहो बोलायचा, आबा म्हणायचा. तो ताठ उभा राहिला आणि हवालदाराच्या आवाजात म्हणाला, "रामा तुका. ठीक. जा, बस."

"जी," म्हातारा म्हणाला आणि येऊन बूट घालू लागला.

पुढच्या आठवड्यात कोठीने त्या प्रसंगाचा मोठा फोटो घंटेशेजारी भिंतीवर लावला. खाली लिहिलं होतं: "दूर देशीचा पाहुणा आमच्या घंटेला मानवंदना देताना." जाधव फ्राऊ लिंडनरकडे गेला आणि फोटो उतरवा म्हणाला. मी भट्टीच्या कामासाठी तिथेच होतो.

बाई अगदी मनापासून म्हणाल्या, "पण किती सुंदर क्षण होता तो! त्यांनी आपणहून केलं. गेनाऊ, अगदी तेच तर त्यात सुंदर आहे."

"आपणहून," जाधव म्हणाला.

"नाही तर काय? कुणी सांगितलं होतं त्यांना?"

त्याने घंटेकडे बोट केलं. बाईंना कळलं नाही. मी मधे पडलो, फोटो आत हलवता येईल, लहान करता येईल, काहीतरी मधला मार्ग काढू म्हणालो. जाधवने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राहू द्या, शेठ. बास झाला भाव."

त्याचा स्वर मला आवडला नव्हता. अजून आवडत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी, मी माझी भट्टी उचलायला ट्रक घेऊन कोठीत गेलो. भट्टीचे भाग सुटे करून ट्रकवर चढवायचं काम चालू होतं. कचेरीतले लोक येऊन जागेवर बसत होते. तेवढ्यात जाधव वडिलांना घेऊन चौकात आला. म्हाताऱ्याच्या अंगात माझा कोट, हातात पिशवी. जाधवच्या खांद्यावर मोठी बॅग. मला वाटलं, कुठे फिरायला निघाले असतील. सांगेलच आता.

तो सरळ कमानीखाली गेला, बॅग खाली ठेवली आणि गुंडाळून ठेवलेली दोरी सोडली. वडिलांच्या हातात दिली.

"आबा, आज तुम्ही वाजवा."

म्हातारा मागे सरकला. "कुनी सांगितलं?"

"मी सांगतो."

"सायेब रागवंल."

"रागवू द्या."

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याने दोरी हातात घेतली, आधी हळू ओढली, मग जोरात. वाजवत राहिला. वरच्या खिडक्या उघडल्या. लोक कप हातात घेऊन बघायला लागले. कुणीतरी वरून हसून हात हलवला. जुबिलीचं काही राहिलं असेल, असं वाटलं असावं.

घंटा थांबली. जाधव म्हणाला, "ज्युपिटर."

तो बंडात मारलेल्यांची नावं घ्यायला लागला होता. मालकांनी ठेवलेली नावं. देवांची, शहरांची, महिन्यांची. त्याला पाठ होती सगळी, मला माहीत होतं.

कुणी बोललं नाही. तो तसाच थांबला. पुन्हा म्हणाला, "ज्युपिटर."

म्हाताऱ्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. नाव घेतलं आहे आणि माणूस नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने आवाज बदलला आणि म्हणाला, "हजर."

"लंडन."

वेगळ्या आवाजात, "हजर."

"फेब्रुवारी."

"हजर."

"फोर्टुना." ही बाई होती. म्हातारा अडखळला. मग त्याने बारीक, बाईसारखा आवाज काढला. वर कुणीतरी खिदळलं. "हजर."

गेटवरचा माणूस धावत आला. त्याने मला विचारलं, हे काय चाललंय, थांबवा त्यांना, तुमचीच माणसं आहेत ना? मी त्याची वाट अडवून उभा राहिलो. जर्मनमध्ये म्हणालो, "हजेरी चालली आहे. संपू दे." तो बाजूने जायला लागला तर मी त्याची बाही धरली. नावं चालू होती. म्हातारा प्रत्येक वेळी नवा आवाज शोधत होता, जाड, घोगरा, पोरसवदा, आणि कुणालाही फटके पडू नयेत म्हणून एकही नाव रिकामं सोडत नव्हता. वरचं हसणं थांबलं होतं. फ्राऊ लिंडनर जिन्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली ती बाही बघितली.

माझी भट्टी ट्रकवरून पुन्हा खाली उतरली ती त्याच दिवशी. वकिलाचं पत्र नंतर आलं. त्या कोठीने पुढे माझ्याशी कधी व्यवहार केला नाही आणि आपल्या ओळखीच्या दोन कारखान्यांनाही करू दिला नाही. फोटो तिथेच आहे, असं ऐकतो. गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या त्या ओळी कोटांच्या मागे आहेत का, माहीत नाही. बघायला मी गेलो नाही.

नावं संपली. जाधवने दोरी पुन्हा नीट गुंडाळून ठेवली. बॅग उचलली. म्हातारा जागेवर उभा होता, त्याच्या सवयीने. आता "ठीक, जा" म्हणायला पाहिजे होतं कुणीतरी. जाधवने तसं काही म्हटलं नाही. त्याने नुसता वडिलांचा हात धरला आणि चालायला लागला, आणि म्हातारा एक पाऊल अडखळून त्याच्याबरोबर निघाला.

गाव सोडताना ते मेल्डेआम्टात गेले नाहीत. मला पुढे तिथून पत्र आलं, ही व्यक्ती कुठे राहते म्हणून. वरच्या मजल्यावरची म्हातारी कितीतरी दिवस मला विचारत होती, जाधवसाहेब आजारी आहेत का, सकाळी बेल वाजत नाही.

त्या सकाळी मी गेटवरच्या माणसाची बाही अजून धरून होतो. ते दोघे गेटापाशी पोचले. जाधव थांबला आणि वळला. माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या सवयीने त्याचं तोंड उघडलं, मला तो शब्द दिसला सुद्धा त्याच्या ओठांवर. मी हात वर करायच्या बेतात होतो.

त्याने तोंड मिटलं, आणि वडिलांना घेऊन बाहेर पडला.